'मान', 'पाळी' आणि 'सहभाग' : कॅथलिक उपासनाविधीतील श्रद्धावंतांचे स्थान — जुन्नर-आंबेगावच्या लोकपरंपरेच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) संमत केलेला पहिला मोठा दस्तऐवज उपासनाविधीविषयी होता, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ४ डिसेंबर १९६३ रोजी २,१४७ विरुद्ध ४ मतांनी हे उपासनाविषयक संविधान मंजूर झाले. त्याच्या चौदाव्या परिच्छेदात परिषदेने श्रद्धावंतांचा पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभाग हे सर्व सुधारणांचे मुख्य लक्ष्य मानले. हा सहभाग स्नानसंस्कारामुळे प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीस मिळालेला हक्क आहे आणि तिचे कर्तव्यही आहे, असे तेथे प्रतिपादन केले आहे.

मराठीत या विषयाचा विचार बहुधा भाषेच्या अंगाने केला जातो. मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली, लोकांना ती समजू लागली आणि त्यामुळे लोक सहभागी झाले, अशी ती मांडणी असते. ही मांडणी चुकीची नसली तरी अपुरी आहे. उपासनेची भाषा कोणती, या प्रश्नाआधी दुसरा एक प्रश्न येतो. उपासनेत भाग घेण्याचा अधिकार माणसाला कशामुळे प्राप्त होतो? प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाच्या आधारे कॅथलिक शिकवणीची चिकित्सा करावयाची आहे.

या चिकित्सेसाठी पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांचा परिसर निवडला आहे. हा परिसर १८८६ साली स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांताच्या भौगोलिक कक्षेत येतो. जुन्नरची सीमा संगमनेर, अकोले व पारनेर या तालुक्यांना, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याला भिडलेली आहे. महाराष्ट्रातील ग्रामीण ख्रिस्ती समाजाची मोठी वस्ती याच जिल्ह्यात आहे. खुद्द जुन्नरला मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आले ते अँग्लिकन पंथाचे चर्च मिशनरी सोसायटीचे मिशन. म्हणून येथे कॅथलिक शिकवण ही तिच्या शेजाऱ्यांच्या संदर्भात वाचावी लागते. तिच्या एका बाजूस प्रॉटेस्टंट उपासना आहे आणि दुसऱ्या बाजूस या मातीतील लेणी, जत्रा आणि हरिनाम सप्ताह आहेत.

१. 'सक्रिय सहभाग' : संकल्पनेचा विकास

'सक्रिय सहभाग' ही परिभाषा परिषदेने नव्याने निर्माण केलेली नाही. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी चर्चसंगीताविषयी काढलेल्या पत्रकात ती आढळते. लोकांनी ग्रेगोरियन गायनात पुन्हा भाग घ्यावा, हा तेथील हेतू होता. बारावे पायस यांच्या १९४७ च्या परिपत्रकात उपासना हे संपूर्ण ख्रिस्तदेहाचे, म्हणजे मस्तक व अवयव या दोहोंचे कर्म आहे, हा विचार स्पष्ट झाला. परिषदेने यापुढे जाऊन सहभागाचा पाया निश्चित केला. २१ नोव्हेंबर १९६४ च्या धर्मसभाविषयक संविधानाने दीक्षित धर्मगुरूंच्या याजकत्वाबरोबरच सर्व श्रद्धावंतांच्या समाईक याजकत्वाची मांडणी केली. ही दोन याजकत्वे केवळ प्रमाणाने नव्हे तर स्वरूपानेच भिन्न आहेत, पण एकमेकांशी निगडित आहेत, अशी ही भूमिका आहे.

उपासनाविषयक संविधानाचा तिसावा परिच्छेद सहभागाची बाह्य रूपे सांगतो. प्रतिसाद, उद्घोष, स्तोत्रगायन, कृती, हावभाव यांच्या जोडीने तेथे मौनाचाही उल्लेख आहे, याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. अठ्ठेचाळिसाव्या परिच्छेदात श्रद्धावंतांनी परक्या, मूक प्रेक्षकांसारखे उपस्थित राहू नये, अशी अपेक्षा व्यक्त झाली आहे. १९६७ च्या संगीतविषयक सूचनेने सहभाग प्रथम आंतरिक असावा व मग तो बाह्य रूपात प्रकट व्हावा, असा क्रम लावून दिला.

या शिकवणीत एक ताण आहे. मूक प्रेक्षक नको आणि मौन मात्र हवे, या दोन अपेक्षा एकाच वेळी कशा पूर्ण व्हायच्या? परिषदेनंतरच्या दशकांत पहिल्या अपेक्षेवर अधिक भर दिला गेला. जोसेफ रॅट्झिंगर (पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट) यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या उपासनेच्या आत्म्यावरील ग्रंथात यावर आक्षेप घेतला. उपासनेतील मुख्य क्रिया ईश्वराची आहे. जास्तीत जास्त लोकांना काही ना काही काम देणे म्हणजे सहभाग नव्हे, हा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. पोप फ्रान्सिस यांच्या २९ जून २०२२ च्या पत्रात उपासनेच्या प्रशिक्षणावर व मौनावर दिलेला भर पाहिला, तर इतर बाबतींत भिन्न असलेले हे दोन विचारवंत या मुद्द्यावर एकमेकांच्या जवळ येतात.

२. भाषेचा प्रश्न : आवश्यक, पण पुरेसा नव्हे

मराठी ख्रिस्ती उपासनेचा इतिहास १९६० च्या दशकात सुरू होत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले. साष्टीतील नवख्रिस्ती समाजापुढे ते चर्चमध्ये वाचले जाई. मिस्सा लॅटिनमध्ये होई आणि तिच्या भोवतीचे श्रवण मराठी ओवीत होई, अशी ही विभागणी होती. म्हणजे बलिदानविधीत मूक असलेला समाज पुराणश्रवणात पूर्ण जागा होता. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध आदेश काढला आणि या परंपरेचा राजाश्रय सुटला. स्टीफन्स यांना जे मिस्सेच्या बाहेर साधता आले, ते मिस्सेच्या आत येण्यास त्यानंतर साडेतीन शतके जावी लागली.

जुन्नरचे उदाहरण याच्या उलट आहे. अँग्लिकन परंपरेत लोकभाषा हा उपासनेचा पायाच होता. इंग्रजी प्रार्थनाग्रंथ १५४९ पासूनचा आहे आणि मिशन जेथे गेले तेथे स्थानिक भाषेतील प्रार्थना हे धोरण त्याच्याबरोबर गेले. जुन्नरला मिशनचे काम १८४६ पासून सुरू झाले. कॅथलिक मिस्सेत लोकभाषेचा वापर ७ मार्च १९६५ पासून अमलात आलेल्या सूचनेने व्यापक झाला. त्याच्या तीन-चार महिने आधी, २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर १९६४ या काळात, मुंबईत आंतरराष्ट्रीय परमप्रसाद महोत्सव भरला होता व पोप सहावे पॉल त्यासाठी भारतात आले होते. म्हणजे जुन्नरच्या अँग्लिकन मिशनला लोकभाषेतील प्रार्थनेचे तत्त्व कॅथलिक मिस्सेच्या शतकभर आधीपासून मान्य होते. केवळ भाषेमुळे सहभाग पूर्ण होत असता, तर अँग्लिकन मंडळींना पुढे उपासनेच्या स्वरूपाचा वेगळा विचार करण्याचे कारण उरले नसते. वस्तुस्थिती तशी नाही. अहमदनगर भागात काम केलेले जॅक विन्स्लो हे अँग्लिकन मिशनरी १९२० साली आपल्या सहकाऱ्यांसह भारतीय ख्रिस्तयागावर ग्रंथ लिहितात आणि भारतासाठी स्वतंत्र उपासनाविधीची मागणी करतात. पुढे ख्रिस्त सेवा संघामार्फत त्यांनी पुण्यात त्या दिशेने प्रयत्नही केले. भाषांतर झाल्यावरही उपासना परकी वाटू शकते, याची ही कबुलीच होय.

हा प्रश्न जुन्नरच्या परंपरेला अपरिचित नाही. तालुक्यातील आळे येथे, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले त्या रेड्याची समाधी आहे. पैठणहून नेवाशामार्गे आळंदीस परतताना त्याने येथे देह ठेवला, असे परंपरा सांगते. ही कथा सामान्यतः जन्मजात अधिकाराच्या अहंकाराला दिलेले उत्तर म्हणून सांगितली जाते व ते योग्यच आहे. मात्र उपासनेच्या दृष्टीने तिचा आणखी एक अर्थ लक्षात घ्यावा लागतो. रेड्याने वेद म्हटले, त्यामुळे मक्तेदारी मोडली. परंतु ज्ञानेश्वर तेथे थांबले नाहीत. त्यांनी नेवाशास गीतार्थ मराठीत आणला. उच्चाराचा हक्क आणि अर्थाचा हक्क या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत व दोन्ही आवश्यक आहेत. परिषदेच्या शब्दांत सांगायचे तर 'सक्रिय' सहभागाला 'जाणीवपूर्वक' हे विशेषण जोडावे लागते. पाठ केलेले प्रतिसाद एका सुरात म्हणणारी मंडळी सक्रिय असते, पण ती जाणीवपूर्वक सहभागी असतेच असे नाही.

३. परिसरातील सहभागाची तीन अधिष्ठाने

जुन्नर-आंबेगावच्या धार्मिक इतिहासात सामूहिक पुण्यकर्मात भाग घेण्याची तीन अधिष्ठाने स्पष्ट दिसतात.

पहिले अधिष्ठान दानाचे आहे. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील ब्राह्मी शिलालेखांत दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी आहे आणि स्वतःला यवन म्हणविणारे तीन दातेही आहेत. त्यांच्यापैकी चिट याने संघासाठी भोजनमंडप दिला, तर इरिल याने पाण्याची टाकी दिली. परदेशी मूळ किंवा व्यवसाय यांचा येथे अडसर झालेला नाही. दान दिले की नाव दगडात येते. अर्थात ज्याच्याजवळ देण्यास काही नाही, त्याचे नावही नाही.

दुसरे अधिष्ठान मानाचे आहे. गावच्या जत्रेत पालखी कोणी उचलायची, काठी कोणाच्या घरून निघायची, नैवेद्य प्रथम कोणाचा, हे ठरलेले असते. मानकरी हा हक्काचा धनी असतो आणि कर्तव्यानेही बांधलेला असतो. परिषदेने वापरलेली 'हक्क आणि कर्तव्य' ही जोडी येथे शब्दशः लागू पडते, हे लक्षणीय आहे. फरक एवढाच की मान जन्माने मिळतो. बलुतेदारीच्या चौकटीत प्रत्येक जातीला उत्सवात काम होते. पण काम असणे म्हणजे गाभाऱ्यापर्यंत पोहोचणे नव्हे. ज्यांच्या वाजंत्रीवाचून जत्रा निघत नसे, त्यांनाच देवळाबाहेर उभे राहावे लागे. सक्रिय असूनही वंचित, अशी ही स्थिती होती. बाह्य कृतीचा सहभाग पुरेसा मानणाऱ्या कोणत्याही मताला हे उदाहरण अडचणीचे ठरते.

तिसरे अधिष्ठान पाळीचे आहे. अखंड हरिनाम सप्ताह हे त्याचे उत्तम उदाहरण होय. या परिसराला वारकरी परंपरेत विशेष स्थान आहे. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूर येथे दाखविली जाते. सप्ताहात काकड्यापासून कीर्तनापर्यंत दिवसाचा क्रम बांधलेला असतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून विण्याचे पहारे लावले जातात. एकाचा पहारा संपला की दुसरा वीणा गळ्यात घेतो. अन्नदानाच्या पंगती आळीआळीने, वस्तीवस्तीने वाटून घेतल्या जातात. कीर्तनात बुवा निरूपण करतात, परंतु मागे उभ्या टाळकऱ्यांनी धृपद उचलल्याशिवाय कीर्तन पुढे सरकत नाही. समोर बसलेला श्रोता टाळी वाजवतो, नामाचा गजर करतो आणि पुष्कळ वेळ नुसता ऐकतो. त्याचे ऐकणे निष्क्रिय आहे, असे कोणीही म्हणणार नाही. शेवटी काल्याच्या कीर्तनानंतर काला वाटला जातो.

कॅथलिक उपासनातत्त्वाशी सर्वाधिक जवळीक आहे ती या तिसऱ्या रूपाची. शब्दाचे श्रवण, त्यावरील निरूपण, सभेचा प्रतिसाद आणि अखेरीस एकाच अन्नाचे सेवन हा क्रम मिस्सेतील शब्दविधी व परमप्रसाद यांची आठवण करून देतो. तुकारामांच्या ईश्वरानुभवावर संशोधन करणारे आणि पुढे वसई व पुणे या धर्मप्रांतांचे महागुरू झालेले थॉमस डाबरे यांचा अभ्यास हा दुवा किती फलदायी ठरू शकतो याचा पुरावा आहे. नारायण वामन टिळकांच्या भजन-कीर्तनांनी अहमदनगर भागातील प्रॉटेस्टंट मंडळीत हाच दुवा प्रत्यक्षात आणला होता.

तथापि सप्ताहाचे आदर्शीकरण करून चालणार नाही. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले, हे वारकरी समतेच्या मर्यादेचे स्मरण आहे. टाळकऱ्यांच्या रांगेत आणि कीर्तनाच्या गादीवर स्त्रियांचे प्रमाण दीर्घकाळ अल्प राहिले. पाळी सर्वांची असे म्हटले, तरी पाळीच्या यादीत नाव कोणाचे लागते हा प्रश्न उरतोच.

४. स्नानसंस्कार हे अधिष्ठान : सामर्थ्य आणि मर्यादा

या पार्श्वभूमीवर परिषदेच्या शिकवणीचे वेगळेपण स्पष्ट होते. तिने सहभाग दानावर, जन्मावर वा निव्वळ हौसेवर अवलंबून ठेवला नाही. तो स्नानसंस्कारावर आधारला. अहमदनगर भागातील ख्रिस्ती समाजाचा मोठा हिस्सा पूर्वास्पृश्य जातींतून आलेला आहे. ज्यांच्या पूर्वजांना देवळाची पायरी नाकारली गेली, त्यांना उपासनेतील स्थान कोणाच्या मेहेरबानीने नव्हे तर हक्काने आहे, हे सांगणारे हे वचन त्यांच्या दृष्टीने साधे धर्मशास्त्रीय विधान नाही. या शिकवणीचे खरे सामर्थ्य येथे आहे आणि ती केवळ भाषांतराच्या चर्चेत बंदिस्त केली की नेमके हेच सामर्थ्य नजरेआड होते.

परंतु हे अधिष्ठान मान्य केल्यावरही तीन अडचणी शिल्लक राहतात.

पहिली अडचण नव्या मानकऱ्यांची आहे. वाचन, गायन, अर्पणाची मिरवणूक, परमप्रसाद वाटण्यास साहाय्य ही कामे जेव्हा धर्मग्रामातील ठरावीक घराण्यांकडेच फिरत राहतात, तेव्हा सहभागाचे रूपांतर मानात होते. बाकीचे श्रद्धावंत पुन्हा प्रेक्षक बनतात. पूर्वी ते धर्मगुरूचे प्रेक्षक होते, आता शेजाऱ्याचे. विण्याच्या पहाऱ्यापासून येथे शिकण्यासारखे आहे. वीणा धरणाऱ्याला मोठे गायनकौशल्य लागत नाही, जागे राहणे लागते.

दुसरी अडचण स्त्रियांच्या स्थानाची आहे. १९७२ च्या आदेशाने वाचक व वेदीसेवक ही पदे सामान्य श्रद्धावंतांसाठी खुली झाली, पण विधिपूर्वक नेमणूक पुरुषांपुरती राहिली. स्नानसंस्कार हाच पाया असेल तर ही मर्यादा तर्कदृष्ट्या टिकणारी नव्हती. पोप फ्रान्सिस यांनी १० जानेवारी २०२१ रोजी ती दूर केली आणि त्याच वर्षी १० मे रोजी धर्मशिक्षकाच्या सेवेलाही विधिवत स्थान दिले. जेथे धर्मगुरू दररोज पोहोचू शकत नाही अशा ग्रामीण भागात श्रद्धेची परंपरा धर्मशिक्षकांनीच सांभाळली आहे. म्हणून या दुसऱ्या निर्णयाचे मोल ग्रामीण महाराष्ट्रात अधिक आहे. परिषदेच्या तत्त्वाचा निष्कर्ष काढण्यास सुमारे सहा दशके लागली, ही मात्र या शिकवणीच्या अंमलबजावणीवरील गंभीर टीका ठरते.

तिसरी अडचण सीमारेषेची आहे. स्नानसंस्कार आतल्यांना समान करतो, पण त्याच कृतीने आत आणि बाहेर अशी रेषाही आखतो. सप्ताहातील काला समोर येईल त्याच्या ओंजळीत पडतो. परमप्रसाद मात्र दीक्षित व सिद्ध कॅथलिक श्रद्धावंतांसाठीच आहे. मिश्र वस्तीच्या गावात विवाहाच्या मिस्सेला आलेले आप्तेष्ट या क्षणी आपोआप प्रेक्षक होतात. कॅथलिक धर्मशास्त्र याचे सुसंगत कारण देते. परमप्रसाद हा आदरातिथ्याचा पदार्थ नसून श्रद्धेच्या ऐक्याचे चिन्ह आहे, असे ते कारण आहे. हे कारण समजून घेतले तरी तुलनेत उमटणारा फरक लपविण्याचे प्रयोजन नाही. कीर्तनाची समता व्यापक आहे आणि तिच्यात बांधिलकी सैल आहे. मिस्सेची समता मर्यादित आहे आणि तिच्यात बांधिलकी घट्ट आहे.

५. संस्कृतीकरण कोणाच्या संस्कृतीचे?

२५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतीय धर्मपीठाच्या बारा सूचनांना मान्यता दिली. जमिनीवर बसणे, अंजलिबद्ध नमस्कार, पंचांग प्रणाम, आरती, समई, उपरणे यांसारख्या गोष्टींचा उपासनेत समावेश त्यामुळे शक्य झाला. बंगळूरच्या राष्ट्रीय केंद्रातून डी. एस. अमलोरपवदास यांनी या दिशेने मोठे कार्य केले. भारतीय ख्रिस्तयागप्रार्थनेचे व अन्य धर्मग्रंथांतील वाचनांचे प्रयोग मात्र १९७५ मध्ये रोमच्या सूचनेवरून थांबवावे लागले.

या प्रयत्नांमागील तळमळ निःसंशय आहे. पण त्यांची सामग्री बहुतांशी संस्कृतप्रचुर, मंदिरकेंद्री परंपरेतून घेतली गेली. १९८१ साली अरविंद निर्मळ यांनी बंगळूर येथे केलेल्या मांडणीपासून पुढे आलेल्या दलित धर्मशास्त्राने यावर बोट ठेवले. ज्या गाभाऱ्यातून आपल्याला हाकलले, त्याच गाभाऱ्याची चिन्हे आपली 'भारतीयता' म्हणून वेदीवर का यावीत, हा तो प्रश्न आहे. जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात हा प्रश्न अधिक नेमका होतो. येथे आरती व समई यांच्याइतकीच ओवी, जात्यावरचे गाणे, भजनाची चाल, हलगी आणि संबळ हीसुद्धा संस्कृतीच आहे. संविधानाचा एकशे एकोणिसावा परिच्छेद मिशनक्षेत्रातील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान देण्यास सांगतो. कोणते संगीत लोकांचे, हे ठरविण्याचा अधिकारही लोकांच्या सहभागाचाच भाग मानला पाहिजे.

उपासनेच्या मराठीलाही हाच निकष लावावा लागेल. ३ सप्टेंबर २०१७ च्या आदेशाने भाषांतराची जबाबदारी पुन्हा ठळकपणे स्थानिक महागुरू परिषदांकडे सोपविली. त्यामुळे 'रोमने अडविले' हे कारण आता पूर्वीइतके पुढे करता येणार नाही. मराठी प्रार्थना जड तत्समांनी भरलेली असेल, तर लॅटिनची जागा दुसऱ्या एका दूरच्या भाषेने घेतली एवढेच म्हणावे लागेल. याचा अर्थ उपासना बाजारी बोलीत असावी असा नाही. ओवी-अभंगांनी सोपेपणा आणि गांभीर्य एकत्र नांदू शकतात हे मराठीत केव्हाच सिद्ध केले आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

एक, कॅथलिक शिकवणीतील सहभागाचे मर्म लोकभाषेत नसून अधिष्ठानात आहे. जन्म, दान वा प्रतिष्ठा यांऐवजी स्नानसंस्कार हा आधार मानणे, हे परिषदेचे मूलगामी पाऊल होय.

दोन, बाह्य कृती हा सहभागाचा पुरावा मानता येत नाही. जत्रेतील वंचित वाजंत्रीवाला कृती करूनही बाहेर होता, तर कीर्तनातील श्रोता स्वस्थ बसूनही आत असतो. परिषदेने मौनाला दिलेले स्थान म्हणूनच महत्त्वाचे आहे.

तीन, हरिनाम सप्ताहातील पाळीचे तत्त्व मिस्सेत जसेच्या तसे आणता येणार नाही, कारण ख्रिस्तयागप्रार्थना ही दीक्षित धर्मगुरूने सभेच्या वतीने करावयाची कृती आहे. परंतु तिच्या भोवतीच्या सर्व सेवांमध्ये हे तत्त्व लागू करण्यास कोणतीही सैद्धांतिक अडचण नाही. सेवांची पाळी लावणे हा मानकरीपणावरचा सर्वांत साधा उपाय आहे.

चार, संस्कृतीकरणाच्या प्रत्येक प्रयत्नाला तो कोणाच्या संस्कृतीचा, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे आणि तो विचारण्याचा पहिला हक्क पूर्वी बाहेर ठेवल्या गेलेल्यांचा आहे.

मराठीतील 'सहभाग' या शब्दात 'भाग' म्हणजे वाटा आहे. उपस्थिती मोजता येते, प्रतिसादाचा आवाज ऐकू येतो. वाटा मात्र मिळाला की नाही हे ज्याला तो मिळायचा त्यालाच सांगता येते. उपासनाविधीच्या सुधारणेचे मूल्यमापन करताना वेदीकडून सभेकडे पाहण्याबरोबर सभेच्या शेवटच्या रांगेतून वेदीकडे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.